गुरुवारी कसं वाटतं?

पहाटे ३.१०
खोकल्यानं जाग येते. आधी कोरडा खोकला, मग छातीतून शिट्टी. पेंटर उठून बसतो, पुढे वाकतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवतो. बायको दिवा लावत नाही, मुलगी झोपली आहे. "अहो, पंप घ्या ना." उशाशी ठेवलेला निळा पंप तो हलवतो, प्लॅस्टिकच्या स्पेसरला लावतो. एक फवारा, सावकाश श्वास आत, दहापर्यंत आकडे, मग सोडायचा. पुन्हा एकदा. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी बसते. झोप मात्र गेलेली असते.

खोली चाकणजवळ खराबवाडीत, दहा बाय बाराची. भाडं ४,५०० रुपये, लाइट बिल वेगळं. पेंटर हा कोणी एक माणूस नाही. भोसरी, तळवडे, निघोजे, म्हाळुंगे इथल्या शेडमध्ये रंगाची गन मारणारे पुष्कळ आहेत, त्यांचा मिळून हा एक दिवस. शेडमध्ये कोणी नावानं हाक मारत नाही. पेंटर म्हणतात.

आज बुधवार. या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे आज कामाचा सलग सहावा दिवस.

सकाळी ५.४५
तोंड धुण्याआधी, चहाआधी, पंपाआधी मीटर. श्वासाचा जोर मोजणारी वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, बाजूला आकडे, त्यावर सरकणारा काटा. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात जोरात फुंकायचं. असं तीनदा. आज ३५०, ३७०, ३६०. सगळ्यांत मोठा आकडा वहीत जातो: ३७०.

शंभर पानी वही. चार रकाने डॉक्टर मॅडमनी सांगितलेले: उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर, झोपताना. पाचवा रकाना त्यानं स्वतः आखला: आज काय मारलं. प्रायमर, बेस, क्लिअर.

त्याचा चांगला आकडा ४८०. तो दिवाळीत गावी, परळीकडे, आठ दिवस राहिला तेव्हाचा. वहीच्या पहिल्या पानावर मॅडमनी तीन ओळी लिहून दिल्या आहेत. ३८४ च्या वर असेल तर ठीक. त्याखाली गेला तर जपायचं, पंप घ्यायचा, कळवायचं. २४० च्या खाली गेला, किंवा एक वाक्य एका दमात बोलता येईना, तर ताठ बसायचं, निळ्या पंपाचे चार ते दहा फवारे स्पेसरमधून एकेक करून घ्यायचे आणि १०८ ला फोन लावायचा. घरी एकट्यानं वाट बघत बसायचं नाही. ही तिसरी ओळ बायकोनं पाठ केली आहे.

मीटर चार-पाचशे रुपयांचं. त्याआधी दोन वर्षं गेली. चौकातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, मग अँटिबायोटिक. मग टीबी असेल म्हणून बेडका तपासला, निघालं काही नाही. एक्स-रेही साफ आला. दम्यात तो बहुतेक वेळा साफच येतो. घरच्यांनी निदान केलं की इकडची हवा मानवत नाही, कारण गावाला गेलं की खोकला जायचा. निरीक्षण अगदी बरोबर होतं. हवाच मानवत नव्हती, फक्त ती चाकणची नव्हती, रंग मारायच्या चौदा फूट लांबीच्या एका बूथमधली होती.

ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?" आणि मग, "गुरुवारी कसं वाटतं?"

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला जे प्रश्न विचारले जातात त्यांत एकाची भर घाला, असं त्यानं सांगितलं: तुझा धंदा काय? तीनशे वर्षं होऊन गेली. ओपीडीच्या रांगेत दोन मिनिटांत माणूस बाहेर पडतो, तिथे हा प्रश्न अजूनही राहून जातो. मोठेपणी नव्यानं जडणाऱ्या दम्यात साधारण सहा-सात जणांमागे एकाला तो कामामुळे जडलेला असतो. प्रश्न विचारला नाही तर तो सहावा माणूस पंप घेत घेत त्याच कामावर जात राहतो.

सकाळी ८.१०
मोटारसायकल, मागे हेल्पर. तळेगाव चौकात नेहमीची कोंडी, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस. पेंटरनं तोंडाला रुमाल बांधला आहे. रस्त्यावरच्या धुळीला तो थोडा उपयोगी. पुढे जे आहे त्याला नाही.

पगार १५,००० धरला आहे. त्यातून पीएफचे १,८००, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ११३, व्यवसाय कराचे २००. हातात १२,८८७. वर ओव्हरटाइम मिळेल तो.

सकाळी ८.३०
शेडमध्ये चार माणसं. जॉबवर्कचा माल: दुचाकीचे साइड पॅनेल, आरशाची कवचं. हेल्पर एकोणीस वर्षांचा, पाच महिने झाले लागून. तो पाण्यात बुडवून पेपर मारतो, आधी ४००, मग ८००. फडक्यानं पुसतो, एअरनं उडवतो, पीस जिगला लटकवतो. एका जिगला बारा. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडलेली. नाक सारखं ओढतो. डोळे लाल.

"सर्दी गेली नाही का रे अजून?"
"जाते, परत येते."

पेंटर बूथच्या मागचा फिल्टर बघतो. पांढरा होता तो आता राखाडी, कडक पापड झालेला. बदलायला झाला आहे, असं तो सुपरवायझरला सांगतो. याआधीही सांगितलं आहे. फिल्टर तुंबला की पंखा आवाज तेवढाच करतो, हवा कमी ओढतो. पंखा चालू आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, फडक्याची चिंधी धरून ती आत ओढली जाते का ते बघायचं, ही त्याची पद्धत. आज चिंधी अर्धवट हलते.

सकाळी ९.१५
मिक्सिंग. चार भाग क्लिअर, एक भाग हार्डनर, मग थिनर. फोर्ड कप भरून खालचं बोट काढायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. सतरा आले पाहिजेत. जास्त आले तर पीसवर संत्र्याच्या सालीसारखी खडबड येते, कमी आले तर ओघळ. एकदा हार्डनर पडलं की तीन-चार तासांत संपवायचं, नाहीतर डब्यात घट्ट.

हार्डनरचा डबा छोटा. लेबल इंग्रजीत, बारीक अक्षरांत. त्यात लिहिलेलं नाव हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट. क्लिअरला काचेसारखी चमक आणि कडकपणा येतो तो याच्यामुळे. हेच द्रव्य काही जणांच्या श्वासनलिकांना कायमचं बिथरवतं. सुरुवातीला काहीच होत नाही. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षं माणूस तेच काम बिनतक्रार करतो. मग एक दिवस शरीर त्याला ओळखायला लागतं, आणि त्यानंतर अगदी कणभरही पुरतं. पहिली दोन वर्षं जास्त जपण्याची. नाक वाहणं, डोळे चुरचुरणं हे पुष्कळदा दम्याच्या आधी येतं.

आयसोसायनेट हे कुळ आपल्याला नवं नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला, फार जास्त उडणारा आणि फार जास्त जहरी. डब्यातला त्याच्या मानानं संथ. पण गननं त्याचं धुकं केलं की तोही हवेत येतो. वासावरून तो कळत नाही. जो वास येतो तो थिनरचा. "वास येत नाही, म्हणजे काही नाही" हे शेडमध्ये सगळ्यांत जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य आहे.

हातमोजे निळे, नायट्राइलचे. पेंटर घालतो. हेल्पर डबा उघड्या हातानं पुसतो. कातडीवाटेही हे शरीरात ओळख करून घेतं, असं मानायला आधार आहे.

सकाळी ९.४०
गन. वर कप, खाली ट्रिगर, नोझल १.३ चं. मनगट वळवायचं नाही, खांद्यातून हात न्यायचा. पीसपासून सात-आठ इंच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. ट्रिगर पीसच्या आधी दाबायचा, पीस संपल्यावर सोडायचा. पेंटरचा हात बघत राहावा असा आहे. एका जिगला अडीच मिनिटं, एकही ओघळ नाही. ही कला त्याला कोणी वर्गात शिकवली नाही. भोसरीला एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तीन वर्षं पेपर मारत मारत तो शिकला. त्याच्या हाताचं रिजेक्शन शेडमध्ये सगळ्यांत कमी. म्हणूनच त्याला बूथमधून काढायला कोणी तयार नाही.

तोंडावर अर्धा मास्क, दोन्ही बाजूंना गाळणीचे डबे. कोळशाची ही गाळणी वाफ धरते, पण किती दिवस धरेल ते बाहेरून दिसत नाही. भरली की आयसोसायनेट आत येतं आणि नाकाला पत्ता लागत नाही. म्हणून ती तारीख टाकून, ठरल्या दिवशी बदलावी लागते. दाढीचे खुंट असले तर कडेनं हवा शिरते. मास्क खुंटीला लटकवलेला असतो, बूथच्या आतच. म्हणजे रात्रभर गाळणी तीच हवा पीत बसते.

जिग संपतो. पेंटर मास्क वर सरकवतो, पीसच्या अगदी जवळ जाऊन ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. कण पडला का, चमक सारखी आहे का. सगळे पेंटर हेच करतात. धोक्याची ती हीच वेळ. गन थांबल्यावरही धुकं बूथमध्ये काही मिनिटं तरंगत असतं, उजेडात ते दिसेनासं झाल्यावरही. बूथ किती मिनिटांत साफ होतो ते धूर सोडून, घड्याळ लावून मोजता येतं. एकदा मोजून दारावर आकडा लिहिला की झालं. तेवढी मिनिटं मास्क वर करायचा नाही. चांगला बूथ असेल तर फार वेळ लागत नाही. पण पीस ओला असतानाच दोष दिसला तर दुरुस्त होतो, आणि हात आपोआप मास्ककडे जातो.

आज जेवणापर्यंत अकरा जिग. एकशे बत्तीस पीस.

दुपारी १२.३०
डबा उघडण्याआधी मीटर. ३४०. पाचव्या रकान्यात: क्लिअर.

भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. मग टपरी. चहा दहा रुपये, कटिंग. इथे आजूबाजूच्या शेडची माणसं जमतात आणि कान दिला तर खोकले वेगवेगळे ऐकू येतात. सीएनसीवाला सांगतो, कूलंट बदलत नाहीत, आंबूस वास येतो, सकाळी छाती भरते. त्याचं खरं असू शकतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजच्या इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास याच कूलंटच्या बाष्पानं पुष्कळ कामगारांची फुप्फुसं बिघडली, काहींना दमा झाला. सोल्डरिंग करणारी एक ताई आहे, तिला रोझिनच्या धुरानं शिंका येतात. गाड्यांच्या सीटचा फोम ओतणारे आहेत, तिथेही आयसोसायनेटच. पलीकडच्या बेकरीतल्या पोराला मैद्यानं होतं, आणि मैदा तर कोणाला औषध वाटत नाही की विष.

"मग पेंटर, तुम्ही पंप घेता? सवय लागते म्हणतात."
"श्वासाची सवय तर आहेच ना," पेंटर म्हणतो.

हा गैरसमज फार जुना. निळा पंप आकडलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो. दुसरा पंप रोजचा, सूज कमी करणारा. लोक दुसरा सोडतात, कारण त्यानं लगेच काही जाणवत नाही, आणि निळ्यावर दिवस काढतात. तसं करू नये. दोन्ही पंप त्याला ईएसआयमधून मिळतात.

दुपारी २.१५
शेठ शेडमध्ये. पेंटर वही दाखवतो. शेठ वाईट माणूस नाही. वही हातात घेऊन पानं उलटतो. शुक्रवारी ४२०, मग रोज थोडं थोडं खाली, बुधवारी ३७०. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा चढण. चार आठवडे तोच जिना.

"बाहेरून हवा येणारा मास्क आणू. कॉम्प्रेसरवर फिल्टर बसवू. चालेल?"

चालेल, आणि आणायलाच हवा. तोंडावर पूर्ण आवरण, नळीनं स्वच्छ हवा, हाच या कामाचा खरा मास्क. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी आणि ती अवघड आहे. तो मास्क उरलेल्या तिघांसाठी आहे. पेंटरसाठी आता उशीर झाला. ज्याचं शरीर बिथरलं त्याला कणभर पुरतं, आणि मास्क कधीतरी काढावाच लागतो. त्याला बूथपासून आणि मिक्सिंगपासून पूर्ण लांब जायला हवं. लक्षणं सुरू झाल्यावर जितक्या लवकर लांब जाल तितकं बरं होण्याची शक्यता जास्त. तरीही लांब गेलेल्यांपैकी साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा होतो. बाकीच्यांचा दमा राहतो, फक्त आटोक्यात.

शेठ म्हणतो, "डिस्पॅचला घेतो. पण तिथला पगार हेल्परचा." पेंटर काही बोलत नाही. मनात हिशेब करतो. फरक तीन हजारांचा. खोलीच्या भाड्याचे दोन तृतीयांश.

"आणि डिस्पॅच बूथच्या भिंतीला लागून आहे," तो एवढंच म्हणतो.

शेठ भिंतीकडे बघतो. वर दोन फूट मोकळी आहे ती. पत्रा मारून बंद करायला किती येईल, असं सुपरवायझरला विचारतो. फिल्टर आज संध्याकाळी मागवायला सांगतो.

सायंकाळी ५.००
शिफ्ट संपली. ट्रकला माल द्यायचा आहे, आठपर्यंत थांबायचं. कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट, इथे सिंगल. पेंटर थांबतो. छाती आवळल्यासारखी आहे. बूथमध्ये त्रास कमी वाटतो, तो घरी गेल्यावर, रात्री वाढतो. अशा दम्यात हे पुष्कळदा होतं, काही तासांनी झटका येतो. त्यामुळे माणूस उशीला दोष देतो, डासांच्या अगरबत्तीला देतो, रात्रीच्या ताकाला देतो.

सायंकाळी ७.४०
गन धुणं. कपात थिनर, फवारा हवेत मोकळा सोडायचा, नोझल ब्रशनं घासायची. आता कोणी मास्क घालत नाही, काम संपलं असं सगळे धरून चालतात. कपाच्या तळाशी हार्डनर आहेच. पेंटर आज फवारा बादलीत, झाकणाखाली सोडतो आणि मास्क तोंडावर ठेवतो. मास्क काढल्यावर पुसतो, झिपच्या पिशवीत भरतो, बूथबाहेरच्या कपाटात ठेवतो. पिशवीवर स्केचपेननं गाळणी बसवल्याची तारीख.

मीटर: २९०. निळा पंप, दोन फवारे.

रात्री ९.३०
जेवण झालं. उद्या मोहननगरला, चिंचवडच्या ईएसआय हॉस्पिटलला जायचं. फुंकून छातीची ताकद मोजणारी मोठी तपासणी आहे. पीएमपीची बस भोसरीपर्यंत, तिथून दुसरी. बायको पिशवीत कागद लावते: ओळखपत्र, वही, जुने एक्स-रे, आणि हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो, मोबाइल दुकानातून दहा रुपयांत प्रिंट काढलेला. मॅडमनी मुद्दाम सांगितलं होतं, कशावर काम करता त्याचं नाव आणा.

नावाला किंमत आहे. ईएसआयला लागू असलेल्या कायद्याच्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे, त्यात कामातल्या द्रव्यानं होणारा दमा आहे. साधं आजारपण म्हणून रजा मिळाली तर रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के, आणि वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा. कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य झाला तर ९० टक्के. रोज ५०० धरला तर ३५० आणि ४५०. तोच माणूस, तोच खोकला. फरक कागदावर काय लिहिलं याचा, आणि लिहिण्याआधी कोणी काय विचारलं याचा. कायमचं काही राहिलं तर पुढे मेडिकल बोर्ड असतं, तिथे ही वही लागेल. वही जपून ठेवायची. पानं फाडायची नाहीत, चुकलेला आकडाही खोडायचा नाही.

मॅडम दोन आठवड्यांची सलग रजाही लिहिणार म्हणाल्या आहेत. एका गुरुवारात छाती पूर्ण मोकळी होत नाही. पंधरा दिवस लांब राहून आकडा किती चढतो ते बघायचं.

रात्री १०.१५
झोपण्याआधीचं मीटर: ३१०. वहीत लिहून तो बाहेर ओट्यावर येतो. शेजारच्या खोलीत हेल्पर राहतो, अजून तिघांबरोबर. मोबाइल बघत बसला आहे, नाक ओढत.

"काय रे, गुरुवारी नाक वाहतं का?"
"गुरुवारी?" तो विचार करतो. "गुरुवारी नसतं दादा. बुधवारी लय असतं."
"आणि गावाला गेलास तेव्हा?"
"तेव्हा तर नव्हतंच."

पेंटर आतून मीटर आणतो, पुढचं तोंड काढून गरम पाण्यानं धुतो, पुसतो. कसं उभं राहायचं, ओठ कसे मिटायचे ते दाखवतो. पोरगा फुंकतो. ५२०. चांगला आहे आकडा. वहीच्या शेवटच्या पानावर पेंटर तारीख घालून तो लिहितो.

"उद्या सकाळी सातला निघू. तुझं ईएसआयचं कार्ड घे."
"कार्ड कुठंय? ठेकेदारानं दिलंच नाही."
"पगाराची स्लिप आहे का? कपात झाली असेल तर त्यावर नंबर असतो. दहा आकडी. बघ जाऊन."

पोरगा पत्र्याची पेटी उघडायला आत जातो.